गुन्ह्याचा क्षण आणि नंतरची वर्षे

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये चेअरिंग क्रॉसजवळ एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडण्यात आली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. गोळी झाडणारा डॅनियल मॅकनॉटन हा ग्लासगोचा, लाकडाचे कातकाम करणारा कारागीर. टोरी पक्षाची माणसे आपल्या पाळतीवर आहेत, ती आपल्याला कुठेही सुखाने राहू देत नाहीत, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याला पील यांनाच मारायचे होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाच दिवसांनी ड्रमंड यांचा मृत्यू झाला. मार्चमध्ये खटला उभा राहिला, तेव्हा आरोपीच्या भ्रमाबद्दल डॉक्टरांच्या साक्षी इतक्या एकमुखी निघाल्या की, मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी पुढचे कामकाज थांबवले आणि ज्यूरीने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरवले.

या निकालावर लंडनमध्ये गहजब झाला. राणी व्हिक्टोरियाही रागावली आणि तिचा राग समजण्यासारखा होता. १८४० मध्ये खुद्द तिच्यावर गोळ्या झाडणारा एडवर्ड ऑक्सफर्ड याच कारणावरून शिक्षेतून सुटला होता. अखेर लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून त्यांच्यापुढे पाच प्रश्न ठेवले. जूनमध्ये मिळालेली त्यांची उत्तरे ‘मॅकनॉटन नियम’ म्हणून ओळखली जातात. प्रत्येक माणूस शहाणा आहे असे धरून चालावे; बचाव घ्यायचा तर कृत्याच्या वेळी मनाच्या रोगामुळे आपण काय करतो आहोत हे, किंवा ते वाईट आहे हे, आरोपीला कळत नव्हते असे सिद्ध व्हावे, हा त्यांचा गाभा. जगभर पसरलेला हा नियम कोणत्याही खटल्याचा निकाल नाही, ही गोष्ट सहसा विसरली जाते. समोर आरोपी नाही, पुरावा नाही, वकिलांचा युक्तिवाद नाही, अशा स्थितीत उत्तरे देणे अवघड आहे, अशी तक्रार न्यायमूर्ती मॉल यांनी तेव्हाच नोंदवली होती. हे नियम काटेकोरपणे लावले असते, तर स्वतः मॅकनॉटन बहुधा दोषी ठरला असता. गोळी झाडली की माणूस मरतो आणि कायदा त्याला खून म्हणतो, एवढे त्याला नक्कीच कळत होते.

निर्दोष ठरला म्हणून तो घरी गेला, असे मात्र झाले नाही. याची तजवीज त्याआधीच झाली होती. १८०० मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात तिसऱ्या जॉर्जवर पिस्तूल झाडणारा जेम्स हॅडफील्ड हा डोक्याला जबर जखमा झालेला माजी सैनिक. थॉमस अर्स्किन यांनी त्याचा बचाव इतका प्रभावी केला की, तो सुटला. पण अशा माणसाला मोकळे सोडायचे कसे, या काळजीने पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून, वेडामुळे निर्दोष ठरलेल्याला राजाची मर्जी असेपर्यंत डांबून ठेवण्याची सोय केली. ही मर्जी किती काळ चालेल, याला मर्यादा नव्हती. हॅडफील्ड १८४१ मध्ये बेथलेम वेड्यांच्या इस्पितळातच वारला. मॅकनॉटन आधी बेथलेममध्ये आणि मग नव्या ब्रॉडमूरमध्ये राहिला. १८६५ मध्ये तो तिथेच वारला. कृत्याच्या एका क्षणाबद्दल कायद्याने बारकाईने विचार केला. त्यानंतरच्या वर्षांचा निर्णय सरकारच्या मर्जीवर सोपवला.

भारतात मेकॉले यांच्या १८३७ च्या दंड संहितेच्या मसुद्यात वेडाच्या भरात केलेले कृत्य गुन्हा नाही, इतकेच साधे कलम होते. १८६० मध्ये दंड संहिता मंजूर होईपर्यंत मध्ये मॅकनॉटन येऊन गेला होता. कलम ८४ त्याच वळणाचे झाले: मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्यास जो असमर्थ असेल, त्याचे कृत्य गुन्हा नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २२ म्हणून जवळजवळ तसेच आले आहे. माणसाला कळते, पण स्वतःला आवरता येत नाही, ही अवस्था या चौकटीत बसत नाही. १८९६ मध्ये कादर नस्येर शाहच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने ते स्पष्टच सांगितले. आगीत घरदार गेल्यापासून भ्रमिष्टासारखा वागणाऱ्या या माणसाने एका मुलाला ठार केले होते. त्याच्या भावना आणि इच्छाशक्ती बिघडली असेल, पण समज शाबूत होती, म्हणून तो दोषी ठरला. त्याच न्यायालयाने १९४९ मध्ये अशीरुद्दीन अहमदला मात्र सोडले. स्वप्नात मिळालेली आज्ञा मानून त्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा बळी दिला होता. हे कायद्याविरुद्ध आहे हे त्याला माहीत असेलही, पण ते चुकीचे आहे असे त्याला वाटत नव्हते, असे न्यायालयाने मानले.

स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा निकाल १९६४ चा, दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य. आरोपीने पत्नीवर सुरीचे ४४ वार केले होते. त्याची शिक्षा कायम राहिली, पण न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी पुराव्याचे ओझे हलके केले. आरोपीने संशयातीत नव्हे, तर संभाव्यतेच्या तराजूवर उतरेल इतकेच दाखवायचे. आणि तेही साधले नाही, तरी त्याच्या हेतूबद्दल रास्त शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच मिळेल. पुढे रतनलालच्या खटल्यात, गवताला आग लावून ‘मीच लावली, काय करायचे ते करा’ अशा अर्थाचे उत्तर देणाऱ्याला याच आधारावर सोडण्यात आले. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये भरदिवसा पत्नीची हत्या केली. तो पळाला नाही, त्याने काही लपवलेही नाही. त्याच्यावर आधीपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता आणि अटकेनंतर काही महिन्यांत त्याला वारंवार रुग्णालयात न्यावे लागले होते. नेमक्या त्या क्षणाचा पुरावा कोणालाच देता येत नाही, म्हणून आधीची आणि नंतरची वागणूक पाहावी लागते, हे मानून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला दोषमुक्त केले.

नंतरच्या वर्षांकडे न्यायालयांचे लक्ष वळले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस. विंटरवेर्प विरुद्ध नेदरलँड्स (१९७९) हा खटला गुन्ह्याचा नव्हता. पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यात घालून दिलेल्या अटी सर्वांना लागू झाल्या. आजार वैद्यकीय पुराव्याने सिद्ध हवा, तो डांबण्याइतका गंभीर हवा आणि तो टिकून असेपर्यंतच कोंडणे वैध. १९८१ मध्ये ब्रॉडमूरच्या एका रुग्णाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असे कोंडणे ठरावीक काळाने न्यायालयीन तपासणीतून गेले पाहिजे असे ठरवले आणि ब्रिटनला कायदा बदलावा लागला. मंत्र्याच्या मर्जीची सद्दी अशी सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी संपली.

भारतातील प्रकरणे याहून भीषण होती. १९८२ मध्ये हजारीबागच्या विधी-सहाय्य समितीने लिहिलेल्या पत्रावरून वीणा सेठी खटला उभा राहिला. वेडे म्हणून तुरुंगात ठेवलेले आणि बरे झाल्यावरही दोन-तीन दशके तिथेच राहिलेले कैदी त्यातून समोर आले. रुदुल साहची गोष्ट तर आणखी विचित्र. पत्नीच्या खुनाच्या आरोपातून तो ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटला आणि १६ ऑक्टोबर १९८२ पर्यंत तुरुंगात राहिला. निर्दोष ठरला तेव्हा तो मनोविकल होता, हे सरकारचे स्पष्टीकरण. १९७७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचे कळवल्यावरही पाच वर्षे का गेली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये त्याला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्क हिरावल्याबद्दल थेट राज्यघटनेच्या कलम ३२ खाली रोख भरपाई देणारा हा पायंडा. रक्कम तुटपुंजी होती, तत्त्व मोठे होते. तरीही आसाममध्ये १९५१ साली पकडलेला एक माणूस, १९६७ मध्ये तेजपूरच्या मनोरुग्णालयाने बरा ठरवल्यावरही, २००५ पर्यंत खटल्याविना कोठडीत राहिला.

शिक्षा झाल्यानंतर आजारी पडलेल्यांचा प्रश्न वेगळा. कलम ८४ (आता कलम २२) त्यांना उपयोगी नाही. शत्रुघ्न चौहान खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी रद्द करताना दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबाबरोबर मानसिक आजार हेही एक कारण मानले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात आरोपीचा उल्लेख केवळ ‘आरोपी एक्स’ असा झाला, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला होता. १९९९ मधील दोन मुलींवरील अत्याचार आणि खुनांचा हा गुन्हा अत्यंत क्रूर होता आणि त्याच्या दोषाबद्दल वादच नव्हता. शिक्षेचा अर्थ ज्याला उमगत नाही त्याला फाशी देऊन शिक्षेचा हेतू साधत नाही, म्हणून शिक्षेनंतर जडलेला गंभीर आजारही फाशीविरुद्ध विचारात घ्यावा, असे न्यायालयाने ठरवले. आजार सिद्ध करण्याचे ओझे मात्र आरोपीवर ठेवले. फाशीऐवजी त्याला मरेपर्यंत, शिक्षेत कोणतीही सूट न देता कारावास मिळाला आणि मानसिक आरोग्य कायद्याखाली त्याला कोणते उपचार देय आहेत ते तपासण्याचा आदेश राज्य सरकारला देण्यात आला.