चार पट्ट्यांची फीत आणि सावित्रीचा काठ

पोलादपूर येथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींवर संस्कृतात ‘शिवभारत’ रचणारा हा कवी सावित्रीच्या खोऱ्यात विसावला. त्याच्या काव्याची प्रत मात्र सापडली ती शेकडो कोस दूर तंजावरला, आणि १९२७ साली स. म. दिवेकरांनी ती संपादून प्रसिद्ध केली. नक्कल परमुलखात गेली म्हणून ग्रंथ वाचला. ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला नवी नाही. परंतु हाच नियम आवाजाला लावून पाहिला तर काय दिसते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

महाड-पोलादपूर हा भाग आवाजांनी समृद्ध आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तुळशीदास शाहिराच्या नावावर असलेला सिंहगडाचा पोवाडा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ च्या आपल्या संग्रहात छापला. शब्द वाचले. पण शाहीर कोठे थांबे, झीलकरी सूर कोठे उचलीत, डफावर थाप कोणत्या अक्षरावर पडे, हे छापील पानातून कळत नाही. महाडचे चवदार तळे हे या प्रदेशाचे दुसरे स्मरणस्थान. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील पाणी प्राशन केले, आणि त्यानंतरच्या जलशांनी व भीमगीतांनी तो दिवस पिढ्यानपिढ्या गाता ठेवला. आणि गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीवर रंगणारा जाखडीचा, म्हणजे बाल्या नाचाचा फेर आहेच: मध्यभागी गाणारा बुवा व ढोलकीवाला, आणि त्यांच्याभोवती घुंगरू बांधून फिरणारे नाचे.

हे आवाज टिपण्याचे साधन सामान्य घरात आले ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांपुढे ठेवली, तेव्हा ते मुख्यतः बोलणे टिपून घेण्याचे साधन समजले जाई. आतली फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद आणि तिची गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्याशा फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूला वाजवायच्या आणि कॅसेट उलटली की उरलेल्या दोन.

या मांडणीतच पुढची कल्पना दडलेली होती. चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या, तर चार स्वतंत्र आवाज शेजारीशेजारी ठेवता येतील. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली टास्कॅमच्या नावाने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र काढले ते याच तत्त्वावर. गती दुप्पट केल्याने आवाज अधिक स्वच्छ झाला, पण तासाभराची कॅसेट पंधरा मिनिटांत संपू लागली. १९८३ च्या सुमारास फॉस्टेक्सचे ‘एक्स-१५’ आले. ते लहान होते, नेहमीच्याच गतीने चाले, आणि एका वेळी दोनच पट्ट्या भरी. यंत्र निवडणाऱ्यापुढचे खरे प्रश्न येथेच स्पष्ट होतात. गती दुप्पट हवी की वेळ अधिक हवा? सगळे गाणारे एकत्र बसणार असतील तर चारही पट्ट्या एकदम भरता येतात का? फितीची सरसर दाबणारी योजना डॉल्बीची आहे की डीबीएक्सची? ज्या योजनेने भरले त्याच योजनेने वाजवले नाही, तर आवाज विकृत होतो.

वापरण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. पहिल्या पट्टीवर ठेका भरायचा, तो कानाला हेडफोन लावून ऐकत दुसऱ्या पट्टीवर पेटी, तिसरीवर गाणे. जागा संपली की तिन्हींची मिळवणी चौथ्या पट्टीवर उतरवायची आणि पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या करायच्या. मात्र प्रत्येक उतरवणीत सरसर वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. एकदा मिळवलेले आवाज पुन्हा वेगळेही करता येत नाहीत. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून प्रत्येक नकलेत थोडे अशुद्ध वाढत जाते, तसेच हे. म्हणून जाणकार महत्त्वाचा आवाज शेवटी, ताज्या पट्टीवर भरतात, फार पातळ फितीच्या दोन तासांच्या कॅसेट टाळतात आणि यंत्राचे हेड स्पिरिटने पुसत राहतात.

या यंत्राने पश्चिमेत एक नवा गायक घडवला: एकटा बसून सगळी साथ स्वतःच करणारा. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या राहत्या घरी पोर्टास्टुडिओवर काही गाणी कच्च्या स्वरूपात भरली. पुढे वाद्यवृंदासह ती स्टुडिओत पुन्हा करून पाहिली, पण घरातल्या फितीतले काहीतरी तेथे हरवत होते. अखेर ती कॅसेटच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या चार पट्ट्यांची शेवटची मिळवणी झाली ती एका साध्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर, आणि तो पूर्वी पाण्यात पडून बिघडलेला होता असे सांगितले जाते.

असा टेपरेकॉर्डर आपल्याकडे ‘टू-इन-वन’ म्हणून ओळखला गेला. १९८० च्या दशकात कॅसेटचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातून निसटून गावोगावच्या लहान निर्मात्यांकडे कसा गेला, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात तपशीलवार दाखवले आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघर पोचले ते याच लाटेवर. चैत्यभूमी-दीक्षाभूमीच्या मेळ्यांत पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग मांडले जाऊ लागले. कोकणातला चाकरमानी मुंबईहून गणपतीला येताना टू-इन-वन घेऊन येई, फेराच्या मध्ये बुवापाशी ठेवी आणि तांबडे बटण दाबी. परत जाताना भरलेली कॅसेट त्याच्या पिशवीत असे.

आता प्रश्न असा की, त्या फेरात चार पट्ट्यांचे यंत्र असते तर काय झाले असते? ढोलकी स्वच्छ ऐकू आली असती, बुवाचे शब्द झांजेखाली दबले नसते. अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? परंतु जाखडी हा वर्तुळाचा प्रकार आहे. नाचणारे फिरतात, तसा घुंगरांचा आवाज जवळ येतो, दूर जातो; बुवा समोरच्या पार्टीच्या सवालाला तेथल्या तेथे जबाब देतो. एकेकाला हेडफोन लावून वेगवेगळ्या वेळी गायला बसवले, तर आवाज मिळतील पण सवाल-जबाब उरणार नाही. टू-इन-वनच्या एका मायक्रोफोनने सगळे एकात मिसळून टाकले, हा त्याचा दोष खरा. पण त्या मिसळीत कोंबड्याची बांग, पोराचे रडणे आणि म्हाताऱ्याची दाद यांच्यासकट एक रात्र जशीच्या तशी आली आहे. जात्यावरची ओवी याहूनही बोलकी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागापासून सुरू करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांपैकी काही हजार ध्वनिमुद्रित केल्या. गाणारीच्या नावासह, गावासह आणि आवाजासह जपलेली ओवी छापील ओवीहून किती वेगळी असते, हे त्या संग्रहाने दाखवून दिले.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. चार पट्ट्यांची कॅसेट साध्या यंत्रात घातली तर दोन पट्ट्या सुलट आणि उरलेल्या दोन, बाजू बदलल्यावर, उलट वाजतात. गती दुप्पट असेल तर सूर खर्जात जातात. म्हणजे ती भरणाऱ्याच्या घरातच राहणारी मूळ पोथी. टू-इन-वनची कॅसेट मात्र कोणत्याही घरात वाजते आणि तिची नक्कल कोणीही करतो. परमानंदांच्या काव्याच्या बाबतीत जे तंजावरने केले, ते या आवाजांच्या बाबतीत मुंबईच्या चाळींनी केले.

हे केवळ रूपक नाही. २५-२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड बुडाले आणि दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुन्हा पाण्याखाली गेले आणि तळियेवर डोंगर आला. माणसांच्या मृत्यूपुढे कॅसेटची गोष्ट काढणे संकोचाचे वाटते. तरीही जे गेले त्यांचा आवाज कोठे उरला असेल तर तो अशाच एखाद्या फितीवर, हेही खरे. पूर टळला तरी कोकणातली ओल आहेच. चार पावसाळे बंद पेटीत राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थी या भागातले असतील, तर त्यांना लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी नवी गाणी गोळा करायला पाठवण्याआधी घरातल्या जुन्या कॅसेट शोधायला सांगावे, परळ-लालबागच्या खोल्यांतल्याही. कॅसेटच्या मागचे दोन कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. बुरशी दिसली तर वाजवण्याची घाई करू नये. चार पट्ट्यांची कॅसेट मिळालीच, तर तिच्याच जातीचे यंत्र शोधून चारही पट्ट्या वेगवेगळ्या संगणकावर घ्याव्यात. आणि सर्वांत आधी, घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विचारावे की हा आवाज कोणाचा. सुरांची सरसर पुढे कोणीतरी कमी करील. नाव सांगणारे माणूस गेले, की ते नाव कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही.