सहीपासून संकेतशब्दापर्यंत : चोरीस गेलेल्या पैशाचा परतीचा मार्ग

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक मला भेटावयास आले. चार दशके मुलांना गणित शिकविलेले हे गृहस्थ बराच वेळ भिजलेली छत्री हातात धरून नुसते बसून राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, मुलांच्या कानी जाऊ देऊ नका."

शुक्रवारी दुपारी त्यांना बँकेच्या नावाने दूरध्वनी आला होता. "तुमचे खाते बंद पडेल, ओळखीची कागदपत्रे आजच अद्ययावत करा," असे सांगून समोरच्या माणसाने त्यांच्या मोबाईलवर एक अ‍ॅप उतरवून घेतले, आलेला ओटीपी त्यांच्याकडून वदवून घेतला आणि खात्यातून पहिली रक्कम गेली. त्याच रात्री गुरुजींना फसवणूक उमगली. तथापि, लाजेपोटी ते गप्प राहिले. शनिवार, रविवार आणि सोमवार या तीन दिवसांत आणखी तीन वेळा पैसे गेले.

"हा पैसा परत मिळेल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि "चूक माझीच ना?" हा दुसरा. वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे आहेत. परंतु पैशाच्या व्यवहाराचा इतिहास चाळला असता ते शतकानुशतके हातात हात घालून चालत आलेले दिसतात. लबाडाने पैसा नेला आणि लबाड सापडला नाही, तर उरलेल्या दोन निरपराध माणसांपैकी नुकसान कोणी सोसावे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता समाजाने जे नियम घडविले, त्यांचा धावता आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

हुंडी आणि सही

बँका येण्यापूर्वी आपल्या देशात पैसा हुंडीवरून फिरत असे. सावकाराने लिहिलेला कागद दूरच्या शहरातील पेढीवर दाखवावा आणि रोख रक्कम घ्यावी, असा तो व्यवहार. वाटेत कागद चोरीस गेला तर काय, ही चिंता तेव्हाही होतीच. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत देत. तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, म्हणजे 'परपेठ'. याहून महत्त्वाची तरतूद होती ती शाहाजोग हुंडीची. ही हुंडी कोणा सोम्यागोम्यास वटविता येत नसे. पेठेत ज्याची पत आहे अशा 'शाहा'लाच तिचे पैसे मिळत. पुढे हुंडी खोटी वा चोरीची ठरलीच, तर तोच शाहा घेतलेली रक्कम परत करण्यास बांधलेला असे. म्हणजे पैसा कोणाच्या हाती गेला हे ठाऊक असावे आणि तो हात परतफेड करू शकणारा असावा, ही खबरदारी आपल्या पूर्वजांनी व्यवहाराच्या आरंभीच घेतली होती. काळाचा महिमा असा की, विश्वासाची खूण असलेला 'शहाजोग' हा शब्द आज आपण साळसूदपणाचा आव आणणाऱ्यास लावतो.

युरोपातही हाच प्रश्न न्यायालयापुढे आला. इंग्लंडमध्ये १७६२ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांसमोर प्राइस विरुद्ध नील हा खटला चालला. प्रत्येकी चाळीस पौंडांच्या दोन हुंड्यांवर एका लबाडाने खोटी सही केली होती. प्राइसने त्या खऱ्या समजून पैसे चुकते केले. बनावट उघडकीस आल्यावर, ज्या नीलने त्या प्रामाणिकपणे विकत घेतल्या होत्या त्याच्याकडून त्याने रक्कम परत मागितली. लबाड तोवर फासावर गेला होता. न्यायाधीशांनी प्राइसची मागणी फेटाळली. ज्याच्यावर हुंडी काढली आहे त्याला ती काढणाऱ्याची सही ओळखता आली पाहिजे. ते त्याचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नुकसान टाळण्याची संधी ज्याच्या हाती होती त्यानेच ते सोसावे, हा त्या निर्णयाचा गाभा.

सव्वादोनशे वर्षांनंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याच वाटेने पाऊल टाकले. १९८७ सालच्या कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात, कंपनीचे हिशेब सांभाळणाऱ्या नोकराने बनावट सहीचे बेचाळीस धनादेश वटवून सव्वातीन लाखांहून अधिक रुपये लांबविले होते. "ग्राहकाने पासबुक नीट तपासले असते तर चोरी पूर्वीच कळली असती," असा बँकेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. ज्या धनादेशावर ग्राहकाची खरी सही नाही तो ग्राहकाचा हुकूमच नव्हे. तेव्हा बँकेने दिले ते स्वतःचे पैसे दिले, ग्राहकाचे नव्हेत. आणि ग्राहक केवळ गाफील राहिला म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, असा तो निवाडा होता.

संकेतशब्दाचे युग

येथवर वाट सरळ होती, कारण सही ही हाताची गोष्ट आहे. खोटी सही कितीही बेमालूम केली तरी ती खरीहून वेगळी असते, जाणता डोळा तिला ओळखू शकतो. संकेतशब्दाचे तसे नाही. चोराने वापरलेला संकेतशब्द आणि मालकाने वापरलेला संकेतशब्द यांत तसूभरही फरक नसतो. रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ रोजी इंटरनेट बँकिंगविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा सहीच्या जागी येणाऱ्या या नव्या ओळखीला कायद्याची मान्यता हवी, याकडे तिने लक्ष वेधले होतेच. माहिती तंत्रज्ञान कायदा त्याआधी १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला होता. त्या कायद्याने प्रत्येक राज्यात न्यायनिर्णय अधिकारी नेमण्याची सोय करून, संगणकाद्वारे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्यास एक नवे दार उघडले.

त्या दारातून गेलेले एक गाजलेले प्रकरण तामिळनाडूतील आहे. आखातात नोकरी करणाऱ्या एका खातेदाराला २००७ साली बँकेच्या नावाने ई-मेल आला. त्याने मागितलेली माहिती भरून दिली आणि त्याच्या खात्यातील लाखो रुपये दुसऱ्याच खात्यात गेले. बँकेने ग्राहकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविले. २०१० साली न्यायनिर्णय अधिकाऱ्याने मात्र खातेदारास रु. १२.८५ लाख देण्याचा आदेश बँकेला दिला.

तरीही प्रत्येक खातेदाराने वर्षानुवर्षे भांडून न्याय मिळवावा, ही काही व्यवस्था नव्हे. म्हणून ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेले परिपत्रक या इतिहासातील मैलाचा दगड मानावे लागेल. त्याच वर्षी १४ डिसेंबरला असाच आदेश सहकारी बँकांनाही निघाला. वसईसारख्या भागात, जिथे घराघराचे खाते सहकारी बँकेत असते, तिथे ही बाब विशेष महत्त्वाची होती.

त्या परिपत्रकाचे सार असे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणताही भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळविले, तर साध्या बचत खात्यास जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत झळ. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या धोरणानुसार निर्णय. ग्राहकाने कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढावे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवरच टाकण्यात आला. मॅन्सफिल्ड यांनी सहीच्या बाबतीत जे सांगितले, तेच येथे संकेतशब्दाच्या बाबतीत निराळ्या भाषेत आले.

न्यायालयांनीही पुढे हे सूत्र उचलून धरले. एका कंपनीच्या खात्यात परस्पर नवे लाभार्थी नोंदवून सुमारे ७६.९० लाख रुपये पळविण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ही रक्कम परत करण्याचा आदेश बँकेला दिला. आसाममधील एका खातेदाराच्या ९४ हजारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बँकेची जबाबदारी कायम ठेवली. त्या खातेदाराने चोवीस तासांच्या आत तक्रार नोंदविली होती, ही बाब न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही.

आता गुरुजींकडे वळू. त्यांनी ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. अशा प्रसंगी २०१७ चा नियम कठोर आहे. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. मात्र त्याच वाक्याला जोडून दुसरा अर्धा भाग येतो, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो : कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. शुक्रवारी रात्री गुरुजींनी बँकेला कळविले असते, तर पुढील तीन चोऱ्यांचा भार त्यांच्यावर पडला नसता. त्यांच्या चुकीची किंमत एक रक्कम होती. मौनाची किंमत तीन रकमा.

तासांचे मोल

नुकसान कोणाचे, हा झाला कायद्याचा प्रश्न. पैसा आता कुठे आहे, हा घड्याळाचा प्रश्न आहे. धनादेश वटण्यास दिवस लागत, तेव्हा तो मध्येच थोपविता येई. २०१० साली आयएमपीएस आणि २०१६ साली यूपीआय आल्यावर पैसा क्षणात पोहोचू लागला. साहजिकच चोरीचा पैसाही. चोर तो स्वतःच्या खात्यात ठेवीत नाही. भाड्याने घेतलेल्या परक्या खात्यांतून तो पुढे पुढे ढकलतो आणि शेवटी रोख काढतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर पडलेला दरोडा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील तिच्या खात्यातून पैसे काढण्याचे पस्तीस खोटे आदेश गेले. त्यांपैकी पाच पार पडले आणि दहा कोटी दहा लाख डॉलर निघाले. दोन कोटी डॉलर श्रीलंकेत पोहोचले. परंतु लाभार्थी संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' हा शब्द चुकीचा लिहिला गेल्याने शंका आली आणि ती रक्कम परत मिळाली. उरलेले आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपाइन्समधील मनिला परिसरातील एका बँकशाखेत गेले. ढाक्यात शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टी, मग अमेरिकेतील शनिवार-रविवार, आणि सोमवारी फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. पैसे थोपविण्याचा निरोप कामी येण्यापूर्वी खाती रिकामी झाली होती आणि पैसा जुगारगृहांत पोहोचला होता. तेथील पैसा-शुद्धीकरणविरोधी कायदा तेव्हा जुगारगृहांना लागू नव्हता. पुढे २०१७ साली तो लागू करण्यात आला. त्या रकमेतील सुमारे दीड कोटी डॉलर नोव्हेंबर २०१६ मध्ये बांगलादेशला परत मिळाले. एका राष्ट्राची मध्यवर्ती बँक जिथे सुट्टीच्या चार दिवसांत हतबल झाली, तिथे एकट्या माणसाची काय कथा!

आपल्या पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेनेही ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गमावले. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून काही तासांत रोकड काढली गेली. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. परंतु शिक्षा आणि परतफेड या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या अनुभवांतूनच केंद्रीय गृहमंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये १५५२६० हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला. पुढे त्याच्या जागी १९३० हा सोपा क्रमांक आला. त्यामागील कल्पना आपल्या जुन्या शाहाजोग हुंडीशी नाते सांगते : पैसा ज्या हाती गेला तो हात ताबडतोब धरावा. तक्रार नोंदताच ज्या बँकेत पैसा पोहोचला तिला कळविले जाते आणि रक्कम अजून तिथे असेल तर ती रोखून धरली जाते. रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकास मिळू शकते. बँकेने दाद दिली नाही, तर १९९५ पासून चालत आलेली रिझर्व्ह बँकेची लोकपाल यंत्रणा आहे. तिला शुल्क लागत नाही.

त्या मंगळवारी मी आणि गुरुजींनी तिथेच बसून १९३० ला दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली, पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या तीन रकमा केव्हाच रोख होऊन गेल्या होत्या. सोमवारची रक्कम मात्र एका खात्यात अडकलेली सापडली आणि काही महिन्यांनी न्यायालयामार्फत त्यांना परत मिळाली. चारांतील एक मिळाली, ती शेवटची. कारण ती अजून कोमट होती.

वाचकहो, सही खोटी असताना कायद्याने मार्ग काढला, संकेतशब्द चोरीला गेला तेव्हाही काढला. आज लबाड सही किंवा संकेतशब्द चोरीत नाही. तो पोलिसाचा वा अधिकाऱ्याचा आवाज काढून माणसाचे मन ताब्यात घेतो आणि माणूस आपल्याच हाताने पैसे देतो. या तिसऱ्या प्रकारच्या चोरीत नुकसान कोणाचे, याचे समाधानकारक उत्तर इतिहासाने अद्याप दिलेले नाही. ते मिळेपर्यंत आपल्या हाती एकच साधन आहे, ते म्हणजे पहिल्या तासात बोलणे.

गुरुजींनी अखेर मुलाला स्वतःच सांगितले. मुलाने रागावून विचारले, "बाबा, शुक्रवारीच का नाही सांगितलंत?" गुरुजी काही बोलले नाहीत. पण त्या आवाजातच उत्तर होते, असे मला वाटले. घरातील वडीलधारी माणसे चोराला घाबरून गप्प बसत नाहीत. ती आपल्या रागाला घाबरून बसतात. म्हणून आज रात्री जेवताना घरच्या मोठ्या माणसांना एवढेच सांगून ठेवावे : "कधी फसलात, तर आम्हांला लगेच हाक मारा. आम्ही काही बोलणार नाही." आणि त्या वचनाला जागावे.