खान आलमचा हुक्का

परप्रांती बदली होऊन गेलेल्या माणसाची नव्या गावातली पहिली ओळख बहुधा पानवाल्याशीच होते. गावची भाषा अवगत नसली तरी त्याच्या दुकानी अडत नाही. बोट दाखवले की पाकीट हाती येते. आमचीही अशी सत्तावीस वर्षांची आणि पाच गावांची परंपरा होती. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत समज दिली, आणि आम्ही सिगारेट सोडली. सोडली म्हणजे ओढत नाही, एवढेच. तिचा विचार मात्र आम्हांस सोडीना. सकाळचा चहा संपला की तो हजर. वरिष्ठांच्या खोलीतून बाहेर पडलो की हजर. रात्रीच्या गाडीने एखाद्या लहानशा स्टेशनात उगाच थांबा घेतला की हजर.

हा विचार निरुपद्रवी नव्हे, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्याच खात्यातील एका स्नेह्यांनी दोन वर्षे सिगारेटला स्पर्श केला नव्हता. पुढे त्यांची बदली झाली. बिऱ्हाड मागे, सामान अर्धे उघडलेले, गाव अनोळखी. अशा पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'एकच' म्हणून ती ओढली. ती एकच राहिली नाही, आणि तेही पुढे फार दिवस राहिले नाहीत.

नवी अडचण उभी राहिली की जुनी फाईल काढून पूर्वोदाहरण शोधावयाचे, ही सरकारी माणसाची सवय. तीच आम्ही येथे उपयोगात आणली, आणि इतिहासाने आम्हांस निराश केले नाही.

तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दक्षिणेत रुजली. उत्तरेच्या दरबारात ती पोचली ती विजापुराहून. असद बेग नावाचा अकबराचा एक अधिकारी तिकडच्या कामगिरीवरून १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने नजराण्यात रत्नजडित नळी आणि तंबाखू आणली. बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, की या अपरिचित वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही आधार नाही. बादशहाला स्वतःला ती सवय लागली नाही. पण असद बेगाने तंबाखू भरपूर आणली होती आणि ती त्याने अमीर-उमरावांत वाटली. जो तो मागू लागला, आणि पाहता पाहता व्यापारी ती विकू लागले. व्यसनाची वार्ता फर्मानाहून वेगाने धावते, ती अशी.

पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूस बंदी केली. प्रकृतीस ती अपायकारक आहे, हे कारण त्याने आपल्या आत्मचरित्रात दिले आहे. इराणचा शाह अब्बास यानेही आपल्या राज्यात अशीच मनाई केली होती. आता योगायोग पाहा. याच शाहाच्या दरबारी जहांगीराने १६१३ मध्ये वकील म्हणून पाठविला तो खान आलम, ज्याला हुक्क्यावाचून क्षणभर चैन पडत नसे! तो १६२० मध्ये परतला. म्हणजे सात वर्षे हा गृहस्थ स्वदेशापासून दूर होता. मायदेशी धन्याची बंदी, परदेशी यजमानाची बंदी, आणि मनात अखंड तंबाखू. अखेर इराणच्याच एका वकिलाने ही अवस्था शाहाच्या कानी घातली. शाहाने उत्तरादाखल एक शेर लिहून खान आलमपुरती मोकळीक दिली, आणि खान आलमनेही शेरानेच आभार मानले. जहांगीराने ही हकीकत विनोदाने नमूद केली आहे.

आम्हांस मात्र हसता हसता थांबावे लागले. दोन बलाढ्य सम्राटांची आज्ञा एका मनुष्याच्या मनातील इच्छेला पुरी पडली नाही. उलट, एका सम्राटालाच आपली आज्ञा त्या इच्छेपुढे सैल करावी लागली. बंदी व्यर्थ असते, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कचेऱ्या आणि आगगाड्या धुरातून मोकळ्या केल्या, याचा लाभ आपण सर्वच घेत आहोत. परंतु बंदी हाताला थोपविते. मनातील विचाराला फर्मान वाचता येत नाही.

मग मनाचे ज्ञान झाले तर? याचेही पूर्वोदाहरण आहे, आणि ते अधिक विषण्ण करणारे आहे. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढीत असे. १८९४ मध्ये हृदयाच्या तक्रारीमुळे त्याचा स्नेही डॉक्टर विल्हेल्म फ्लीस याने त्याला धूम्रपान सोडावयास लावले. त्या दिवसांतील फ्रॉइडची पत्रे एखाद्या विरहिणीची वाटावीत इतकी व्याकुळ आहेत. काम सुचत नाही, जीव कशात रमत नाही, हाच त्यांचा सूर. तो पुन्हा सिगारकडे वळला. १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग उघड झाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही १९३९ मध्ये लंडनला मृत्यू येईपर्यंत ते व्यसन खऱ्या अर्थाने सुटले नाही. दुसऱ्यांच्या मनाची कुलपे उघडणाऱ्याला आपल्या खिशातील सिगारपेटी बंद करता आली नाही.

हुकूम पुरेसा नाही आणि ज्ञानही पुरेसे नाही. मग उपाय काय? येथे आम्हांस लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवली. वैद्याने औषध दिले आणि बजावले, 'घेताना माकडाची आठवण तेवढी काढू नका.' रोग्याला जन्मात कधी माकड आठवले नव्हते. आता पेला ओठाशी नेला की माकड समोर उभे! हाच प्रयोग १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केला. माकडाऐवजी त्याने पांढरे अस्वल घेतले. पाच मिनिटे अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा, असे त्याने काहींना सांगितले. घंटा वाजतच राहिल्या. एवढेच नव्हे, तर नंतर विचार करण्यास मोकळीक मिळाल्यावर, आधी तो दाबून धरणाऱ्यांना अस्वल इतरांहून अधिक आठवले. २०१० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांवरच अशी परीक्षा केली. ज्यांनी आठवडाभर सिगारेटचा विचार दडपला, त्यांनी त्या आठवड्यात कमी सिगारेटी ओढल्या खऱ्या. पण पुढच्या आठवड्यात इतरांहून जास्त ओढल्या.

हे वाचले आणि आमची चूक आमच्या ध्यानी आली. विचार आला की आम्ही त्याच्याशी झटापट करीत होतो, आणि आला म्हणजे आपण हरलो असे मानून खिन्न होत होतो. वस्तुतः शरीराची मागणी आणि मनाची आठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निकोटिन रक्तातून लवकर उतरते. सुमारे दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. शरीराची तगमग पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत ओसरते. त्या काळासाठी डॉक्टरांपाशी औषधे आहेत. निकोटिनचा च्युइंगगम हा त्यांतलाच, आणि त्याची कल्पना स्वीडनमध्ये पाणबुड्यांतील खलाशांवरून सुचली. पाण्याखाली असताना त्यांना धूम्रपान करता येत नसे, म्हणून ते तंबाखू तोंडात धरीत. आठवण मात्र महिनोन्‌महिने येत राहते, कारण ती रक्तात नसून चहाच्या पेल्याशी, कचेरीच्या जिन्याशी, परक्या गावातील संध्याकाळीशी बांधलेली असते.

पण ही आठवण स्वभावाने अल्पायुषी आहे. तिची उसळी बहुधा काही मिनिटांची असते. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाट अडवू नये आणि तिच्यापुढे पळूही नये. तिच्यावर स्वार होऊन ती फुटेपर्यंत वाट पाहावी. कोकणच्या किनाऱ्यावर पोहावयास शिकलेल्या वाचकांना हे निराळे समजावयास नको.

आता आम्ही तसेच करतो. विचार आला की मनाशी म्हणतो, 'या, बसा.' घड्याळ पाहतो, पाणी पितो, आणि शक्य असल्यास दोन फेऱ्या मारतो. पाहुणा चार-पाच मिनिटांत उठून जातो. पूर्वी दिवसाकाठी वीस वेळा येत असे. हल्ली कधीकधी आठवड्यात एकदाच येतो. एकट्याने भागत नसेल, तर दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ पासून दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा नाही. खान आलमने नाही का आपले दुःख दुसऱ्याच्या तोंडून शाहाच्या कानी जाऊ दिले?

एक सूचना मात्र आमच्यासारख्या फिरत्या माणसांसाठी. बदलीचा हुकूम हाती पडला की पुढचा महिना धोक्याचा समजावा. अनोळखी घरातील पहिल्या रात्री तो विचार पुन्हा मूळच्या जोराने येईल. दोन वर्षांचा संयम फुकट गेला, असे तेव्हा मानू नये. आमच्या स्नेह्यांना हे कोणी सांगितले नव्हते. आम्हांसही तेव्हा ठाऊक नव्हते. विचार येणे म्हणजे पराभव नव्हे. सात वर्षांच्या परदेशवासात खान आलमला तंबाखूची आठवण झाली, यात त्याचा दोष काही नव्हता. ती आली तशी जाईल, एवढेच त्याला कोणी सांगितले नाही.