डावा हात, वजा दहा

मी जन्माचा डावखुरा. मास्तरांच्या छडीने उजव्या हाताने लिहू लागलो, म्हणजे सव्यसाचीच की! म्हणून पुतण्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसवले, तेव्हा मी ऐटीत दोन तलवारी मागितल्या.

त्याचे नियमांचे पुस्तक 2000 सालचे, तिसऱ्या आवृत्तीचे. त्यात वीस पैलूंच्या फाशावर पडेल त्यातून एका हाताचे सहा वजा, दुसऱ्याचे दहा! का? तर दुप्पट वार फुकट मिळाले, तर ढाल कोण घेईल? सव्यसाचीपण ही वेगळी विद्या, दोन शस्त्रांची आणखी वेगळी. दोन्ही शिका, दुसऱ्या हातात आखूड हत्यार धरा, तरी दोन्हीकडे वजा दोन उरतातच. 2003 च्या सुधारित आवृत्तीत दोहोंची एकच विद्या झाली.

“म्हणजे डाव्या हाताला न्याय मिळायला तीन वर्षं लागली!” मी म्हणालो.

“काका, फासा टाका.”

डाव्या हाताने टाकला. नऊ.

“आता त्यातून दहा वजा करा.”