अंधांच्या कैवाऱ्यांची वाट

३० जून १९२५ रोजी अमेरिकेतील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सभासदांना अंधांचे कैवारी होण्याचे आवाहन केले. बालपणीच त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती हरपली होती. मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली उभारलेल्या या संघटनेला त्या आवाहनातून आपले जीवितकार्य गवसले. १९५६ साली मुंबईत भारतातील पहिला लायन्स क्लब स्थापन झाला.

सांगली जिल्ह्यातील मिरजेत रुग्णसेवेची परंपरा त्याहून जुनी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे मिशन इस्पितळ सुरू केले. त्याच गावात पुढे लायन्स नॅब नेत्र रुग्णालय उभे राहिले.

सातारा-सांगलीच्या खेड्यांतील वृद्धांना मोतीबिंदू हा म्हातारपणाचा भोग वाटे. धूसर भिंग काढून कृत्रिम भिंग बसविता येते, हे शेजारीण डोळस होऊन परतली की पटे. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. पण रुग्णाला धीर देऊन शिबिरापर्यंत आणणे, हे सेवकाचे काम.

मात्र बुबुळाचा पारदर्शक पडदा निकामी झाला, तर देणगी पुरत नाही, नेत्रदाताच लागतो. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत डोळे द्यावे लागतात. शोकाकुल घराला तेव्हा सुचत नाही. म्हणून आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी.