सी-यकृतशोथ चाचणी
दूषित रक्तातून पसरणाऱ्या सी-यकृतशोथाचे निदान करणारी रक्तचाचणी. १९७० च्या दशकात रक्ताधानानंतर उद्भवणाऱ्या अनेक यकृतशोथांचा ए वा बी विषाणूंशी संबंध आढळेना. मायकेल हॉटन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सी विषाणू ओळखल्यावर प्रतिपिंड चाचणी शक्य झाली; भारतीय रक्तपेढ्यांत ती २००१ मध्ये सक्तीची झाली. वारंवार रक्ताधान घेणाऱ्या थॅलॅसेमियाग्रस्तांच्या दृष्टीने (मुंबईत त्यांच्यासाठी बोरिवली येथे महापालिकेचे केंद्र आहे) तिला विशेष महत्त्व आहे. दूषित सुई टोचल्यावर वाटणारी धास्ती तत्काळ केलेल्या चाचणीने फिटत नाही. कारण प्रतिपिंडे दिसण्यास बहुधा ८ ते ११ आठवडे लागतात, विषाणूचे आरएनए मात्र १ ते २ आठवड्यांत आढळते. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे टिकत असल्याने आरएनए चाचणीच निर्णायक ठरते. या रोगावर लस नाही. तथापि तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी सु. १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.