घर, वावर आणि आई : राळेगाव परिसराच्या आधारे एक विवेचन

मातेने अर्थार्जनासाठी घराबाहेर पडावे, की घरीच राहून अपत्यसंगोपन करावे, हा वाद मराठी नियतकालिकांस नवा नाही. या वादातील 'माता' कोणत्या वर्गातील, हे मात्र क्वचितच स्पष्ट केले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा वर्धा नदीच्या अलीकडील कापसाचा तालुका. येथील निंदण आणि वेचणी ही दोन्ही कामे मुख्यत्वे स्त्रियांच्या हातांनी होतात, आणि त्या स्त्रियांत लेकुरवाळ्यांची संख्या लहान नसते. अशा प्रदेशात वरील प्रश्न त्याच स्वरूपात कधी उपस्थित झाला होता काय, आणि झाला नसेल तर त्याच्या जागी कोणता प्रश्न होता, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आरंभ भाषेपासून करू. वऱ्हाडी बोलीत शेतास 'वावर' म्हणतात. बाई 'वावरात गेली', 'निंदाले गेली', 'वेचाले गेली' या प्रयोगांत 'बाहेर' हा शब्द येत नाही. जमीन स्वतःची असेल तर ते 'घरचे वावर' होय आणि तेथील श्रम हे 'घरचे काम' होय. म्हणजे येथे 'घर' हा शब्द चार भिंतींचा वाचक नसून कुटुंबाच्या स्वामित्वाचा वाचक आहे. तेच निंदण दुसऱ्याच्या वावरात केले की त्यास 'मजुरी' म्हणतात. तेव्हा बोलीने आखलेली सीमारेषा घर आणि बाहेर यांमधील नसून आपले आणि परक्याचे यांमधील आहे. याउलट 'नोकरी' हा फारसी वळणाचा शब्द. 'नोकरी करणारी आई' म्हटले की 'मुलांची आबाळ' हे शब्द जणू आपोआप मागून येतात. वेचाले जाणाऱ्या आईसंबंधी ते सहसा उच्चारले जात नाहीत. तिच्या लेकराची आबाळ होत नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. ती चर्चेचा विषय झाली नाही, एवढाच याचा अर्थ.

चर्चा झाली ती पांढरपेशा वर्गात. पुण्यास १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा तेथील अभ्यासक्रम मुलींस गृहकृत्यांपासून विमुख करील असा आक्षेप 'केसरी'ने घेतला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिक्षिका व परिचारिका घडविल्या. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहाने सुशिक्षित स्त्रीची कोंडी उघड केली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच काळात वऱ्हाडात काय घडत होते, तिकडे आपले लक्ष कमी गेले आहे.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. त्यानंतरच्या दशकांत लोहमार्गाबरोबर सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने प्रदेशभर पसरले. रेच्यांना कापूस भरविण्याचे काम प्रायः स्त्रियांकडे असे. १९११ च्या कारखाने कायद्याने वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे हंगामी कारखाने प्रथमच कायद्याच्या कक्षेत आणले. याच कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी घातली. पण सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने त्या बंदीतून वगळले. हा अपवाद अत्यंत बोलका आहे. स्त्रीचे स्थान रात्री घरी, हे तत्त्व मान्य करणाऱ्या कायद्यानेच कापसाच्या हंगामात ते बाजूस ठेवले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांस अफू देत असल्याचा उल्लेख आहे. 'आबाळ' हा शब्द कोठे वापरावयास हवा होता, हे येथे दिसते.

तथापि श्रमिक समाजात घरी राहण्याचे आकर्षण नव्हते, असे मानणे चुकीचे ठरेल. कुटुंबाची स्थिती सुधारली की स्त्रियांस बाहेरच्या श्रमातून काढून घ्यावयाचे, ही प्रवृत्ती एम. एन. श्रीनिवास यांनी प्रतिष्ठेच्या संदर्भात नोंदविली आहे. परक्याच्या वावरात जावे न लागणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरते. पण त्यामागे मातृत्वाच्या आदर्शाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उन्हातान्हातील कमी मोलाच्या कष्टांतून सुटण्याची इच्छा असते. पुस्तकी वादात या दोन गोष्टी एकच मानल्या जातात.

या परिसराने मातेविषयीचा आपला विचार एका कथेत जतन केला आहे. राळेगाव तालुक्यातील रावेरी येथे रामाविना एकट्या सीतेचे मंदिर आहे. त्यागानंतर सीता येथे आली, येथेच तिला लव-कुश झाले, बाळंतपणात तिने गावाकडे मूठभर गहू मागितले, गावाने ते नाकारले आणि या गावी गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी लोकश्रद्धा आहे. 'सीता' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ नांगराचा तास असा आहे, आणि विदर्भात कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेस 'सीतादही' म्हणतात, हे येथे लक्षात घ्यावे. रावेरीची सीता स्वेच्छेने घराबाहेर पडलेली नाही. तिला घरच उरलेले नाही. दंतकथा तिला 'तू घर का सोडलेस' असे विचारत नाही. ती गावाला विचारते, 'तुम्ही धान्य का दिले नाही?'

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, हा योगायोग नव्हे. १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम हाती घेतली आणि शेतकऱ्यांनी जमीन पत्नीच्या नावे करावी असे आवाहन केले. 'घरचे वावर' या शब्दांतील 'घर' कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच सातबाऱ्यापर्यंत पोहोचला.

शासकीय परिभाषाही तपासण्यासारखी आहे. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१ मध्ये 'मुख्य कार्य' हा निकष आला आणि कामकरी स्त्रियांचे प्रमाण एकदम घसरले. हजारो माता वावर सोडून घरी परतल्या नव्हत्या. बदलली होती व्याख्या.

मुलाच्या सोयीविषयीची शब्दयोजना मात्र अधिक समंजस ठरली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेल्या बालशिक्षणाच्या कार्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. अंगण हे धड घर नव्हे आणि धड बाहेरही नव्हे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास एका स्त्रीस त्यांच्या देखरेखीसाठी नेमावे, अशी तरतूद केली. ती देखरेख करणारी स्त्रीही मजुरीस पात्र ठरली. मूल सांभाळणे हेही 'काम' आहे, असा याचा अर्थ होतो.

परंतु खाजगी वावराच्या धुऱ्यावर, बाभळीच्या फांदीस बांधलेल्या झोळीपर्यंत अशी तरतूद पोहोचत नाही. तेथे झोका देते ती मोठी बहीण, आणि वेचणीचे महिने हेच शाळेचेही महिने असतात. आईच्या श्रमाचे मोल असे दुसऱ्या पिढीतील मुलीकडून वसूल होते. यास्तव 'आईने घरी राहावे की बाहेर पडावे' हा प्रश्न या प्रदेशाच्या इतिहासास लावणे अप्रस्तुत होय. ती बाहेर होतीच. तिच्या मागे लेकरू कोणाच्या हाती होते, आणि त्या हातांस आपण काय दिले, हा प्रश्न येथील अभ्यासकाने विचारावयास हवा. रावेरीच्या कथेने तो केव्हाच विचारून ठेवला आहे.